सहासष्ट चिंचोके

मागच्या महिन्यातली गोष्ट. गुरुवार होता, सकाळचे सहा वाजून गेले होते, बाहेर भुरभुर पाऊस. गॅसवर चहाचं आधण ठेवलं आणि मोबाइल हातात घेतला, तर आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, ग्रुपवर पाळकसाहेबांचा मेसेज. अमुक अमुक पहाटे प्रभूमध्ये निद्रिस्त झाले, वय ८४, माती आज दुपारी चार वाजता. खाली हात जोडलेल्यांची रांग लागली होती.

मला आनंद झाला. हे आधीच लिहून टाकते, कारण शेवटी लिहायचं ठेवलं तर मी ते सौम्य करून लिहीन. छातीत अडकलेलं काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी साखर बंद केली तेव्हापासून मी बिनसाखरेचा चहा घेते. त्या सकाळी पाहुण्यांसाठीचा डबा काढून दोन चमचे साखर घातली आणि गॅलरीत उभी राहून तो कप सावकाश संपवला. खाली दूधवाला रेनकोट झटकत होता. मला त्याच्याशी बोलावंसं वाटत होतं, कोणाशीही बोलावंसं वाटत होतं.

आमचे बाबा मंडळीचे खजिनदार होते. नोकरी खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत, आणि रविवार पूर्ण देवळाचा. दानाच्या थैल्या रिकाम्या करून वेस्ट्रीतल्या, म्हणजे पाळकांच्या खोलीतल्या, टेबलावर नोटा लावायच्या, चिल्लर वेगळी, प्रत्येक गड्डीला रबर, मग दोघांच्या सह्या. मी लहानपणी शेजारी बसून चार आण्यांचे ढीग करायची. पुढे मी कॅम्पातल्या एका सरकारी कचेरीत हिशेब विभागातच चिकटले, ते या टेबलामुळे.

१९९२ चा हार्वेस्ट, म्हणजे सुगीचा सण. आमच्याकडे त्या दिवशी लोक घरून जे आणतात त्याचा भक्तीनंतर अंगणात लिलाव होतो. भोपळे, पपया, कोंबड्या, कोणाच्या हातचं लोणचं, कोणी केलेला केक. पाच रुपयांचा नारळ पन्नासला जातो आणि सगळे टाळ्या वाजवतात. त्या वर्षी लिलावाचे ११,४६० रुपये जमले. बाबांनी ते सोमवारी बँकेत भरले, पण बिल्डिंग फंडाच्या खात्यात, कारण आधीच्या मीटिंगमध्ये तसं ठरलं होतं. पासबुक सेक्रेटरींच्या कपाटात असायचं आणि त्यात कित्येक महिन्यांत नोंदी झाल्या नव्हत्या.

दोन महिन्यांनी एका रविवारी, जाहिराती, म्हणजे मंडळीच्या सूचना, वाचून झाल्यावर, सेक्रेटरी उभे राहिले. म्हणाले, ‘हार्वेस्टच्या अकरा हजार चारशे साठ रुपयांचा हिशेब खजिनदारांनी दिलेला नाही. पासबुकात ती रक्कम नाही. ते पैसे कुठे आहेत ते त्यांनाच ठाऊक.’ एवढंच बोलून ते खाली बसले. पुढचं गायन सुरू झालं. पेटीवर मी होते. मी ते गायन शेवटपर्यंत वाजवलं, आणि ते मी का वाजवलं, थांबवलं का नाही, हा प्रश्न मी पुढे खूप वर्षं स्वतःला विचारला.

बाबा तिसऱ्या बाकावर बसायचे ते दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायला लागले. प्रभुभोजनाची भाकरी आणि द्राक्षारस घ्यायला पुढे जाईनात. कोणी त्यांना मना केलं नव्हतं. पण तुझ्याविरुद्ध तुझ्या भावाच्या मनात काही आहे हे आठवलं तर अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर, असं प्रभूने सांगितलंय, ते बाबा स्वतःला लावून घेत होते. दोनदा ते त्या माणसाच्या घरी गेले. दोन्ही वेळा साहेब घरी नाहीत असं सांगितलं गेलं, आणि चपला दारात होत्या.

१९९४ मध्ये ऑडिटसाठी पासबुक भरून आणलं, तेव्हा नोंद सापडली. तारीख तीच, रक्कम तीच. कमिटीच्या इतिवृत्तात दोन शब्द लिहिले गेले, ‘हिशेब जुळला.’ वेदीजवळून कोणी काही बोललं नाही. एका भल्या सभासदाने पासबुकाच्या त्या पानाची झेरॉक्स आणून बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती चार घड्या करून बायबलमध्ये ठेवली. १९९७ मध्ये ते गेले. सत्तावन्न वर्षांचे होते. ते शेवटच्या बाकावरूनच गेले, तिसऱ्या बाकावर परत आले नाहीत.

त्यानंतर मी त्या माणसाला काका म्हणणं सोडलं. घरात ‘तो माणूस’ एवढंच. माझ्या बायबलमध्ये १०९ व्या स्तोत्राला लाल पेन्सिलीची रेघ आहे. त्याचे दिवस थोडे होवोत, त्याचा हुद्दा दुसरा घेवो. हे मी एकेका रात्री गुडघ्यांवर येऊन म्हटलेलं आहे. त्याचे दिवस थोडे झाले नाहीत आणि त्याचा हुद्दा त्याच्याकडेच आणखी नऊ वर्षं राहिला.

त्या प्रार्थनेची मला आज लाज वाटते का? पूर्ण नाही वाटत. ते स्तोत्र पवित्र शास्त्रात आहे याचा मला आधारच वाटत आलाय. ज्या मुलीला त्या वर्षांत रस्त्यात उभं राहून ओरडायचं होतं, तिला ओरडायला एक जागा होती, आणि ऐकणारा असा होता की त्याच्याकडून गोष्ट बाहेर जाणार नाही. लाज मला दुसऱ्या एका गोष्टीची वाटते.

२०१९ ची दिवाळी जवळ आली होती. मी शिवाजी मार्केटमधून मटण घेऊन बाहेर पडत होते. तो माणूस पायरीपाशी उभा होता. हातात कापडी पिशवी, तिच्यातून पापलेटची शेपटी बाहेर आलेली. स्वेटरची बटणं एक घर चुकवून लावलेली. त्याने मला ओळखलं. मला लहानपणी सगळे ज्या नावाने हाक मारायचे, त्या नावाने त्याने हाक मारली. ‘बेबी, थांब जरा.’ मी त्याच्याकडे बघितलं, त्याने बघितलं की मी बघितलंय, आणि मी रिक्षात बसले. रिक्षा वळेपर्यंत तो हात थोडा वर धरूनच उभा होता.

त्याला काय सांगायचं होतं? कदाचित बाबांबद्दल. कदाचित नुसतं ‘कशी आहेस’. आता ते कळणार नाही. बाबांचा समेट होऊ दिला नाही त्याने, दारात चपला असून. आणि माझ्याकडे तो आला तेव्हा मी रिक्षात बसले. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात पुढेच लिहिलंय, तू वाद्याबरोबर, म्हणजे फिर्यादीबरोबर, वाटेत आहेस तोवरच त्याच्याशी लवकर समेट कर. मी हे वाक्य शेकडो वेळा ऐकलं असेल. ‘वाटेत आहेस तोवर’ या शब्दांना मुदत आहे हे मला त्या गुरुवारी साखरेचा चहा संपल्यावर कळलं. कप विसळताना माझे हात थांबले.

साडेसातला धाकट्या भावाचा फोन आला. ‘ताई, वाचलंस? देवाने न्याय केला. उशिरा केला, पण केला.’

मी त्याला म्हटलं, ‘बाबा सत्तावन्नला गेले. हा चौऱ्याऐंशीला, स्वतःच्या पलंगावर, नातवंडं भोवती. यातून न्याय वाचायचा असेल तर मग निकाल कोणाच्या बाजूने लागला?’

तो गप्प झाला. मलाही हे बोलेपर्यंत सुचलेलं नव्हतं. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेल्याचा उल्लेख आहे. प्रभू विचारतो, यरुशलेमेत राहणाऱ्या बाकी सगळ्यांपेक्षा ती माणसं जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं काय? आणि स्वतःच उत्तर देतो, नाही. मग ऐकणाऱ्यांकडे वळून म्हणतो, तुम्ही पश्चात्ताप करा. मरण हा निकाल समजून वाचायला तो मनाई करतो. आपल्याकडे किती सहज म्हणतात, बघा कसं भोगलं शेवटी. आणि जो न भोगता गेला, त्याचं काय म्हणायचं? कॅन्सरने गेलेल्या माझ्या मावशीचं काय म्हणायचं, जिने कोणाचं वाकडं केलं नाही? शत्रूच्या मरणात देवाची सही शोधायला लागलं की आपल्या माणसांच्या मरणातही ती शोधावी लागते, आणि तो रस्ता मला फार भयंकर वाटतो.

यावरून २१ नोव्हेंबर २०१२ चा बुधवार आठवला. मी तेव्हा विश्रांतवाडीला राहायची. रोजची बस येरवड्याच्या तुरुंगावरून जायची. त्या सकाळी साडेसातला आत कसाबला फाशी दिली होती. कोणाला पत्ता नव्हता, बातमी आली ती सगळं उरकल्यावर. ऑफिसला पोचले तर पेढे वाटणं चाललेलं. पुण्याला कारण होतं. मुंबईत २६/११ ला १६६ माणसं मारली गेली होती, आणि आमच्या कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीच्या स्फोटाला तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती. तिथे सतरा जण गेले, बरीचशी कॉलेजातली पोरं. पेढ्याचा खोका माझ्या टेबलाशी आला. देणारा मनाचा चांगला माणूस, वर्षानुवर्षं रक्तदान करणारा. मी पेढा घेतला आणि खाल्ला. नाही म्हटलं असतं तर ‘तुम्ही लोक’ असं काहीतरी ऐकावं लागलं असतं, ही भीती होती.

ती शिक्षा चुकीची होती असं मी म्हणत नाही. खटला चालला, वकील दिला गेला, सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. राज्याच्या हाती तलवार आहे हे प्रेषित पौलाने रोमकरांस पत्रात लिहिलेलंच आहे. ओडिशात मनोहरपूरला १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, गाडीत झोपलेले असताना जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिसबाईंनी मारणाऱ्यांना क्षमा केली असं जाहीर सांगितलं. खटला त्यानंतरही चालला, शिक्षाही झाली, आणि त्या बारिपद्याला कुष्ठरोग्यांची सेवा करत पुढे काही वर्षं राहिल्या. क्षमा आणि शिक्षा एकमेकींच्या आड येत नाहीत. अडतो तो पेढा. ओसामा बिन लादेनला मे २०११ मध्ये मारलं तेव्हा व्हॅटिकनचे प्रवक्ते फादर लोम्बार्दी यांनी म्हटलं होतं की त्याने असंख्य निरपराधांचे जीव घेतले, फूट आणि द्वेष पसरवला. पण माणसाच्या मरणापुढे ख्रिस्ती माणूस कधी आनंद करत नाही. आम्ही प्रोटेस्टंट, पण ते कात्रण मी जपून ठेवलं होतं. त्या कात्रणासकट मी पेढा खाल्ला, आणि त्या कात्रणासकट चहात साखर घातली.

आणि बायबलमधला दावीद राजा? त्याचं बघायला गेलं तर तो दोन्हीकडे आहे. नाबाल नावाच्या एका श्रीमंत माणसाने त्याचा अपमान केला, दहा दिवसांनी नाबाल मेला, आणि दावीद म्हणतो परमेश्वर धन्य, त्याने माझी बाजू घेतली. हे वाक्य पाळक सहसा प्रवचनात घेत नाहीत. पण त्याच्या आधीचा राजा शौल मेला तेव्हा? शौलाने त्याच्यावर भाला फेकला होता, एकदा नव्हे. वर्षानुवर्षं रानोमाळ पळवलं. तो मेल्याची बातमी आली तेव्हा दावीदाने कपडे फाडले, संध्याकाळपर्यंत उपास केला आणि विलापगीत रचलं. त्या दुपारी मी ते गीत पुन्हा वाचत बसले. त्यात शौलाची ढाल आहे, शौलाची तलवार आहे, शौलाच्या मुलाचं, योनाथानाचं, धनुष्य आहे. भाला नाही. जे हत्यार दावीदाच्या डोक्यावरून जाऊन भिंतीत घुसलं होतं तेवढंच त्याने गाळलंय. आणि पुढे म्हणतो, इस्राएलाच्या कन्यांनो, शौलासाठी रडा, त्याने तुम्हाला किरमिजी वस्त्रं नेसवली. म्हणजे खोटं काही रचलं नाही. शौलाने खरोखर जे दिलं होतं ते शोधून काढलं.

मग मला चिंचोके आठवले.

मी सहा-सात वर्षांची असेन. संडेस्कूल तोच माणूस घ्यायचा, तेव्हा तो जेमतेम तिशीचा होता. त्याच्याकडे बोर्नव्हिटाचा जुना डबा होता आणि त्यात सहासष्ट चिंचोके. एकोणचाळीस एका बाजूने घासून पांढरे केलेले, सत्तावीस तसेच तपकिरी. जुना करार पांढरा, नवा करार तपकिरी. आम्ही फरशीवर ते एकेक पुढे सरकवत बायबलच्या पुस्तकांची नावं म्हणायचो. उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना, अनुवाद. हबक्कूकपाशी मी दर वेळी अडखळायची. तो स्वतः मांडी घालून आमच्यासमोर फरशीवर बसायचा, पँटची इस्त्री मोडायची त्याला पर्वा नसे, आणि माझा हबक्कूक एकदाचा बरोबर आला तेव्हा त्याने तो चिंचोका उचलून माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाला, हा तुझा. पुढच्या रविवारी डब्यात पासष्टच होते, म्हणून त्याने नवा घासून आणला. आजही एखादं वचन शोधताना माझी बोटं आपोआप पान उलटतात ती त्या फरशीवरून.

हे मी जवळजवळ तीस वर्षं आठवूच दिलं नव्हतं.

मातीला गेले. पाऊस वाढला होता, कबरस्थानात लाल चिखल, खांदेकऱ्यांचे पाय घसरत होते. पेटी खाली सोडताना दोरखंड ओला होऊन अडकला आणि पेटी क्षणभर तिरकी राहिली, तेव्हा त्याची बायको ‘सांभाळून’ म्हणाली, जसं जिवंत माणसाला जिना उतरवताना म्हणतात. पाळकसाहेबांनी मातीला माती म्हटलं. मीही पुढे होऊन मूठभर माती टाकली. ती ओली होती, तळहाताला चिकटून राहिली, दोनदा झटकावी लागली. मला रडू आलं नाही. प्रेम वगैरे काही वाटलं असं मी सांगणार नाही. काकूंच्या जवळ गेले आणि म्हणाले, ‘काकू, काकांनी मला पुस्तकांची नावं शिकवली.’ त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. काका हा शब्द माझ्या तोंडून गेला हे मला घरी आल्यावर लक्षात आलं.

शनिवारी संध्याकाळी त्यांच्या वानवडीच्या घरी सांत्वनाची भक्ती होती. कोणाला साक्ष द्यायची आहे का, असं पाळकसाहेबांनी विचारलं. मी उठून चिंचोक्यांचं सांगितलं. पासबुकाचं सांगितलं नाही. त्यांचा मुलगा, माझ्याच वयाचा, उठून आतल्या खोलीत गेला आणि तो डबा घेऊन आला. झाकण गंजून घट्ट बसलं होतं, चमच्याच्या दांड्याने उचकटावं लागलं. आत काही चिंचोके किडून भुगा झाले होते.

भाऊ माझ्यावर रागावला. ‘तू त्याचं कौतुक केलंस चारचौघांत. बाबांचं नाव कोण घेणार?’ त्याचा राग मला चुकीचा वाटत नाही. तो तेव्हा सोळा वर्षांचा होता आणि वर्गातली मुलं त्याला ‘अकरा हजार’ म्हणून चिडवायची. त्याने क्षमा केली पाहिजे असं मी त्याला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. नीतिसूत्रांत एक अवघड वचन आहे, वैरी पडला असता आनंद करू नको, नाहीतर परमेश्वर ते पाहील, त्याला ते आवडणार नाही, आणि तो आपला राग त्याच्यावरून काढून घेईल. भाऊ म्हणाला, म्हणजे शत्रूवर राग राहावा म्हणून गप्प बसायचं का? मला त्याचं नीट उत्तर देता आलं नाही. मला ते वचन असं लागतं की राग हे परमेश्वराचं काम आहे, आणि मी साखरेचा डबा उघडला की मी त्याच्या कामात हात घालते. पण हे मी स्वतःपुरतं म्हणते.

बाबांच्या नावाचा प्रश्न मात्र खरा आहे. तो काकांबरोबर मातीत गेलेला नाही. काका असते तर माझ्या अर्जाला शत्रुत्वाचा वास आला असता. आता मी तो त्यांच्याविरुद्ध लिहूच शकत नाही, म्हणून लिहिता आला. बाबांच्या बायबलमधली झेरॉक्स उघडली तर घड्यांवर अक्षरं उडाली आहेत, पण ११,४६० आणि तारीख वाचता येते. तिची नवी प्रत काढली आणि मंडळीच्या कमिटीला एक पानाचा अर्ज लिहिला. हार्वेस्ट १९९२ ची रक्कम खजिनदारांनी वेळेत बँकेत भरली होती, असं इतिवृत्तात त्यांच्या नावासह नोंदवावं आणि एका रविवारी जाहिरातींमध्ये वाचून दाखवावं. आरोप कोणी केला ते अर्जात नाही. तीन वेळा लिहिला, पहिल्या दोन्ही वेळा ते नाव आलं होतं.

सही करताना भावाला दाखवला. त्याने दोनदा वाचला आणि विचारलं, ‘नाव का नाही घातलंस?’ मी म्हटलं, ‘ते आता उत्तर द्यायला नाहीत.’ तो काही बोलला नाही. मग खिशातून पेन काढून माझ्या सहीखाली त्याने स्वतःची सही केली.

मीटिंग पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी आहे. हल्लीचे सेक्रेटरी तरुण आहेत, १९९२ मध्ये त्यांचा जन्मही झाला नसेल. त्यांनी अर्ज उभ्याउभ्याच वाचला, मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि परत वाचला. मी दुसरी प्रत पुढे केली. त्यावर त्यांनी तारीख घालून पोच दिली.